डिकीतले सात पाइप

"भाऊ, कढईचा लाइट लागला."

कामठी रोडवरच्या आमच्या टायरच्या दुकानात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की, गिऱ्हाइकाने गाडीचं दार उघडून एक पाय खाली ठेवला तरी मला कळतं, हा कढईवाला. खरं तर ती कढई नाही. स्पीडोमीटरजवळ एक पिवळं चिन्ह पेटतं. टायर आडवा कापल्यावर जसा दिसेल तसा त्याचा आकार, आणि मधोमध उद्गारचिन्ह. चित्र काढणाऱ्याने टायर काढला, नागपूरकराला त्यात कढई दिसली. एका गिऱ्हाइकाला घोड्याची नाल दिसली होती. एका आजींना नातवाच्या गाडीत बसल्या बसल्या ती पणती वाटली आणि त्यांनी चक्क हात जोडले. नातू म्हणाला, "आजी, ते टायरचं आहे वं!" आजी म्हणाल्या, "असू दे, उजेडच आहे न."

मी सुधाकर रामटेके. वय एकसष्ट. चौतीस वर्षं मी टायर उतरवले आणि चढवले. आता दुकान माझी मुलगी अस्मिता चालवते. मी सकाळी येतो, पेपर वाचतो आणि नको तिथे बोलतो, असं तिचं म्हणणं. या अंकासाठी काही लिहा असा निरोप आला तेव्हा मी नोटाबंदीपासून नायट्रोजन हवेपर्यंत विषयांची यादी करत बसलो होतो. अस्मिता कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, पाइपांचं लिहा."

"ते काहून? चांगलं काही लिहितो न."

"चांगलं सगळेच लिहितात."

तेव्हा पाइपांचं लिहितो. पण त्याआधी कढई नीट समजून घ्यावी लागेल.

टायरमधली हवा कमी झाली की हा दिवा लागतो. गाडीला ते दोन रीतींनी कळतं. काही गाड्या चाकाच्या वेगावरून अंदाज बांधतात. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून ते बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं. दुसऱ्या प्रकारच्या गाड्या अंदाज बांधत नाहीत. त्यांच्या प्रत्येक चाकात, रिमच्या आतल्या बाजूला, हवा भरायच्या नळीच्या टोकाला काडेपेटीएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. त्यात बॅटरी असते आणि एक चिमुकला रेडिओ. तो आतल्या आत हवा मोजतो आणि गाडीला सांगत राहतो: इतकी आहे, इतकी आहे, इतकी आहे. कमी झाली की गाडी दिवा लावते. बाहेरून काही दिसत नाही. टायर उतरवल्याशिवाय सेन्सरचं तोंडही दिसत नाही.

आम्हाला पहिला सेन्सर दिसला तो तुटलेलाच दिसला. माझ्याबरोबर सुरुवातीपासून काम करणारे रफिकभाई मशीनवर होते. या मशीनला एक जाड लोखंडी पंजा असतो. तो टायरची कड दाबून रिमपासून सोडवतो. रफिकभाईंनी पंजा नेमका हवेच्या नळीपाशी लावला आणि आतून 'कट्' असा आवाज आला. टायर निघाला तेव्हा आत काळ्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे.

"हे काय होय गा, सुधाकर?" रफिकभाईंनी तुकडे तळहातावर घेऊन विचारलं. "कंपनीवाल्यांनी अंदर काही विसरलं काय?"

गाडी एका डॉक्टरची होती. नवा सेन्सर यायला पंधरा दिवस लागले. तेवढे दिवस डॉक्टरसाहेब रोज सकाळी दुकानासमोर गाडी थांबवून, काच खाली करून, नुसतं बोटाने दिव्याकडे दाखवायचे आणि निघून जायचे. रफिकभाई आतल्या खोलीत जाऊन बसायचे. त्या दिवसापासून ते टायरवर हवेच्या नळीजवळ खडूने फुली मारतात आणि पंजा बरोब्बर तिच्या विरुद्ध बाजूला लावतात. आजतागायत दुसरा सेन्सर तुटलेला नाही.

मग महाल भागातले पाटणकर सर. निवृत्त मुख्याध्यापक, गाडीसुद्धा मुलांच्या वहीसारखी नीटनेटकी. डिसेंबरमध्ये रोज पहाटे सर गाडी घेऊन फिरायला निघत आणि दिवा लागे. ते तसेच आमच्याकडे यायला निघत. दुकानात पोचेपर्यंत दिवा बंद! तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "रामटेके, हा दिवा तुम्हाला घाबरतो." शेवटी अस्मिताने त्यांना विचारलं, हवा कधी भरता? सर दुपारी, तापल्या रस्त्यावर गाडी फिरवून झाल्यावर भरत. गरम हवा फुगते, म्हणून हवा मोजायचा काटा बरोबर दाखवी. पहाटेच्या थंडीत तीच हवा आकसली की कमी पडे. चाक फिरून तापलं की पुन्हा पुरेशी. अस्मिताने समजावलं, "सर, सकाळी गाडी उभी असताना, थंड टायरात भरा." सर म्हणाले, "म्हणजे दिवा खरं बोलत होता आणि मी तुमच्याकडे त्याची तक्रार घेऊन येत होतो."

ते वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आता येतो अलॉय चाकांवर. नवी गाडी घेतल्यावर नागपूरकराला दोन गोष्टी लगेच हव्या असतात: सीट कव्हर आणि मॅगव्हील, म्हणजे नक्षीची, चमकणारी, रुंद चाकं. गाडीबरोबर आलेली चाकं बदलून ही बसवायची. आमच्या दुकानाने यात चांगलं नाव कमावलं होतं. पण सेन्सरवाल्या गाडीची चाकं बदलली की अडचण येते. सेन्सर जुन्या चाकांत राहतात. तिकडे जुनी चाकं घराच्या गच्चीवर, आणि इकडे गाडी विचारत राहते, माझे चार सेन्सर कुठे गेले? आणि दिवा लावून बसते. उपाय सोपा: सेन्सर जुन्या चाकातून काढून नव्यात बसवायचे, रबरी वॉशर बदलायचे आणि गाडीला त्यांची ओळख करून द्यायची. अर्धा दिवस जातो, पण काम पक्कं होतं.

मात्र एका वर्षी मी एक नवी नक्षी आणली होती. दहा काड्यांची, म्हणजे आऱ्यांची, काळ्या-चंदेरी रंगाची. दिसायला देखणी. तिच्या रिमचा आतला भाग असा वळलेला होता की सेन्सर नीट टेकत नव्हता. वॉशर कितीही बदला, हवा फसफसायची. आणि तोवर मी ती चाकं विकून, बसवून मोकळा झालो होतो.

पहिले आले वानखेडे साहेब. खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर, शांत माणूस. नव्या चाकांवरून हात फिरवत म्हणाले, "चाकं तर मस्त दिसून राहिली रामटेके भाऊ, पण हा लाइट? रोज डोळ्यांसमोर. काहीतरी करा न."

मी म्हटलं, "जुनी चाकं परत लावू काय?"

"नाही नाही. चाकं राहू द्या. लाइट तेवढा घालवा."

आणि मला कल्पना सुचली. खोटं कशाला बोलू, मोठ्या आनंदात सुचली. सेन्सर काय सांगतो? माझ्याभोवती हवा किती आहे ते. मग त्याच्याभोवती चाकच असलं पाहिजे असं कुठे आहे? मी नळकामाच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप आणला. हातभर तुकडा कापला. एका टोकाला टोपण चिकटवलं, आत चारही सेन्सर फडक्यात गुंडाळून ठेवले, दुसरं टोपण बसवलं, त्यात हवेची नळी लावली आणि टायरात भरतात तेवढी हवा पाइपात भरली. तो पाइप डिकीत, स्टेपनीशेजारी ठेवला आणि वर गालिचा टाकला. सगळ्या गाड्यांत ही युक्ती चालत नाही; काही सेन्सर चाक फिरल्याशिवाय बोलतच नाहीत. या गाडीचे बोलले. गाडीला वाटलं, चारही टायर ठणठणीत. दिवा गेला.

वानखेडे साहेब खूश. रफिकभाईंनी टाळी दिली. "सुधाकर, तुले तर इस्रोत असाले पाहिजे होतं."

अस्मिता तेवढी टाळी द्यायला आली नाही. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नुकतीच दुकानात येऊ लागली होती. गाडी गेल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवा विझवला. टायरातली हवा कोण पाहणार?"

"अगं, आम्ही जन्मभर दिव्याशिवाय गाड्या चालवल्या."

"तेव्हा दिवा नव्हता न. म्हणून तुम्ही टायर पाहत होते."

मी म्हटलं, तू पुस्तकं वाचतेस, मी रस्ता वाचतो. मला ते उत्तर फार आवडलं होतं. दोन-चार गिऱ्हाइकांना मी ते मुद्दाम ऐकवलंसुद्धा.

पुढच्या दीड वर्षात असे सात पाइप झाले. एका गिऱ्हाइकाचं तर असं झालं, की दिवा पुन्हा लागला म्हणून कन्हानहून आले. चारही टायर तपासले, उत्तम. मग लक्षात आलं, पाइपच गळतोय! नळीपाशी बारीक चीर होती. डिकीतल्या पाइपाचं पंक्चर काढणारा नागपुरातला मी पहिलाच असेन. आम्ही दिवसभर हसलो. त्यांना सांगितलं, हवा कमी झाली की पाइपात भरून घेत जा.

मे महिन्यात एका दुपारी वानखेडे बाई दुकानात आल्या. त्यांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. उंच, चष्मा, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्या हातात कापडी पिशवी. साहेब बाहेर, फाटकाजवळच थांबले होते. आत आले नाहीत. बाईंनी पिशवीतून पाइप काढला आणि काउंटरवर ठेवला.

"हे तुम्ही केलंय?"

"हो."

"हे काय आहे ते मला सांगा. मी शाळेत विज्ञान शिकवते. नीट सांगितलंत तर कळेल."

मी सांगितलं. सांगताना माझ्याच कानांना ते पहिल्यांदा नीट ऐकू येत होतं. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. मुलीच्या ॲडमिशनसाठी तिघं समृद्धी महामार्गावरून संभाजीनगरला निघाले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. साहेब मागच्या सीटवर झोपलेले, मुलगी शेजारी, गाडी बाई चालवत होत्या.

"वर्धा मागे पडल्यावर मला गाडीची मागची बाजू जड वाटायला लागली," त्या म्हणाल्या. "थोडी झोके घेतल्यासारखी. मला शंका आली. मी दिव्याकडे पाहिलं. दिवा नव्हता. म्हणून मी चालवत राहिले."

मागच्या टायरात खिळा होता. हवा हळूहळू जात होती. कमी हवेचा टायर वेगात चालला की त्याच्या भिंती सारख्या दबतात, उठतात आणि आतून तापतात. त्यात खाली मे महिन्याचा सिमेंटचा रस्ता. तो फुटला. गाडी दोनदा फिरली आणि कडेच्या लोखंडी कठड्यावर आदळली. मुलीच्या कपाळाला सहा टाके पडले. बाईंचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. साहेबांना काही झालं नाही. गाडी गॅरेजमध्ये गेली तेव्हा तिथल्या मिस्त्रीने डिकीतला गालिचा उचलला आणि दोन पावलं मागे सरून ओरडला, "साहेब, हा बॉम्ब आहे काय?" बाईंना पाइप आहे हे कळलं ते असं. साहेबांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं.

"यांच्या कामावर एखाद्याने असा अलार्म बंद करून टाकला तर काय होतं, ते यांना विचारा," त्या फाटकाकडे न बघता म्हणाल्या. "मी त्यांना विचारलंय. आता तुम्हाला विचारते. दिवा लागला असता तर मी थांबले असते की नाही?"

"थांबल्या असत्या."

"असे किती केलेत?"

"सात."

"हा एक. बाकीचे सहा कोणाकोणाकडे आहेत, माहीत आहे?"

"आहे."

"मग?"

तेवढंच विचारून त्या गेल्या. रफिकभाई मशीनजवळ हातात पाना घेऊन तसेच उभे होते. पाना खाली ठेवून म्हणाले, "टाळी मी दिली होती गा." अस्मिताने मला 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. तिने वही घेतली आणि विचारलं, "नावं सांगा."

एव्हाना बाजारात नवे सेन्सर आले होते, ज्यांची मान हवी तशी वाकवता येते. ते त्या दहा काड्यांच्या रिममध्येही बसत. अस्मिताने ते मागवले आणि मी फोन लावायला लागलो.

धरमपेठेतले कापडवाले आणि सावनेरचे दंतवैद्य, दोघं दुसऱ्याच दिवशी आले. दंतवैद्य म्हणाले, "दुकानदार स्वतः फोन करून म्हणतो माझं काम चुकलं, हे मी पहिल्यांदा ऐकतोय." मला ती तारीफ घेता आली नाही.

कन्हानचे ते गिऱ्हाईक, ज्यांच्या पाइपाचं पंक्चर काढलं होतं, ते फार इमानी निघाले. माझं सांगणं त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. दर पंधरा दिवसांनी पेट्रोल पंपावर जाऊन, डिकी उघडून, पाइपात हवा भरून घेत होते. पंपावरची पोरं जमा होऊन पाहायची म्हणे.

"आणि टायरात?" मी विचारलं.

"टायरात काहून? लाइट कुठं लागला होता?"

रफिकभाईंनी काटा लावला. तेहतीस हवी तिथे पुढच्या चाकात बावीस, मागच्यात एकोणीस. एकोणिसाचा आकडा पाहून रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मात्र कोणी हसलं नाही. आज लिहिताना थोडं हसू येतं, ते गिऱ्हाईक सुखरूप आहे म्हणून.

चौथे, मेश्राम काका, सेवानिवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्याकडे गेलो तर डिकीत पाइपच नाही. काकूंनी दिवाळीची साफसफाई करताना तो पाहिला आणि घरी नळाचं काम करायला आलेल्या माणसाला देऊन टाकला. त्याने तो कापून न्हाणीघराच्या सांडपाण्याला बसवला. "मजबूत पाइप होता," काकू म्हणाल्या. आतले सेन्सर कचऱ्यात. पण मग दिव्याचं काय? मी काकांच्या गाडीत डोकावलो. दिव्याच्या जागी काकूंची काळी टिकली चिकटवलेली होती.

"तो सारखा पेटून राहिला होता," काका ओशाळून म्हणाले. "मले रस्ता दिसे ना."

मी नखाने टिकली काढली. खाली कढई पेटलेली. सात महिने ती टिकलीच्या मागे बोंबलत होती. नवे सेन्सर बसवून दिवा विझला तेव्हा काकूंनी ती टिकली परत मागितली नाही, एवढंच.

पाचव्याने गाडी विकून टाकली होती. आरटीओतल्या ओळखीने शोध घेत मी संगीता उईकेपर्यंत पोचलो. तिशीतली बाई, बुटीबोरीच्या कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर, शिफ्ट ड्युटी. शहरातून रोज येणं-जाणं त्याच गाडीने. फोनवर आधी तिला मी भामटाच वाटलो. "माझ्या गाडीत काहीच खराबी नाही न," ती म्हणाली, "मंग तुम्ही काहून मागं लागून राहिले?" शेवटी अस्मिता बोलली तेव्हा रविवारी दुकानात यायला तयार झाली.

मी तिच्यासमोर डिकी उघडली, गालिचा उचलला, पाइप दाखवला. तिला कळेना. मग मी तिला चालकाच्या सीटवर बसवलं, गाडी चालू करायला सांगितली आणि पाइपाच्या नळीतली हवा सोडली. फुस्स आवाज झाला. थोड्या वेळाने कढई पेटली.

"असा असतो काय हा?" ती म्हणाली. वर्षभर गाडी चालवून तिने तो पहिल्यांदा पाहिला होता.

टायर तिचे चांगले होते. तिला काही झालेलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, हे मी केलं, का केलं, कोणाला काय झालं. वाटलं, ती म्हणेल, चला, वेळेवर कळलं. ती गाडीतून उतरली आणि म्हणाली, "ज्याच्यासाठी केलं त्याने तरी सांगितलं होतं तुम्हाला, लाइट घालवा म्हणून. मी तर तुमच्याकडे कधी आलेच नव्हते."

गाडीच्या दुरुस्तीला जे तीन तास लागले, तेवढा वेळ ती बाकावर बसून राहिली. चहा घेतला नाही. जाताना अस्मिताचा नंबर घेतला, माझा नाही.

सहावा राहिला. मनीषनगरात राहणारा एक तरुण मुलगा होता, पांढरी गाडी, नंबरात तीन वेळा सात. चाकांवर त्याचं फार प्रेम. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, गाडी घेऊन गेला आणि फोन नंबर बदलला. घरमालकाकडे चौकशी केली, शेजाऱ्यांकडे केली, दोन वेळा पुण्याला ओळखीच्यांना कामाला लावलं. सापडला नाही. त्याच्यापर्यंत हा अंक पोचला, किंवा वाचणाऱ्यांपैकी कोणी त्याला ओळखत असेल, तर एवढंच सांगा: डिकीतला गालिचा उचल आणि कुठल्याही जवळच्या दुकानात जा. आमच्याकडेच यायला पाहिजे असं नाही.

वानखेडे बाईंना मी ऑगस्टमध्ये फोन केला. म्हटलं, पाच झाले, एक सापडत नाही. त्या म्हणाल्या, "शोधत राहा." मग जरा थांबून, "हात आता बरा आहे. फळ्यावर लिहिता येतं, पण वरच्या ओळी मुली लिहितात."

दसऱ्याच्या आधी एका सकाळी त्यांची गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. बाई स्वतः चालवत होत्या. अपघातानंतर पहिल्यांदाच चालवतेय, असं म्हणाल्या. साहेब शेजारी बसले होते. या वेळी ते उतरून आत आले आणि बाकावर बसले. अस्मिताने त्यांना पाणी दिलं. गाडीला गाडीबरोबर आलेली मूळचीच चाकं परत लावलेली होती, साधी, राखाडी.

"हवा तपासून द्या," बाई म्हणाल्या.

रफिकभाई पुढे आले, पण मी म्हटलं, मी बघतो. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत. एकेका चाकाशी बसून काटा लावला, जिथे कमी तिथे भरली. चारही तेहतीस. उठून म्हटलं, "झालं मॅडम. चारही तेहतीस."

त्यांनी मान हलवली. मग पर्स उघडून स्वतःचा काटा काढला, छोटासा, नवा. पुढच्या डाव्या चाकाशी बसल्या. उजवा हात अजून पूर्ण वळत नव्हता, म्हणून नळीचं टोपण डाव्या हाताने काढलं. वाचलं. मग मागचं चाक. मग फिरून पलीकडची दोन. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, "नको."

चौथ्या चाकाशी टोपण लावून त्या उठल्या, साडीला लागलेली धूळ झटकली आणि म्हणाल्या, "तेहतीस. बरोबर आहे."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या येतात. आधी मी तपासतो, मग त्या तपासतात. तेवढा वेळ मी शेजारी उभा राहतो.